पत्र्याच्या पेटीचा भाव किलोवर ठरत नाही

"बॉक्सचा किलोला काय दर?" पत्र्याचं काम करणाऱ्या फॅब्रिकेटरला फोन लागला की पहिला प्रश्न हाच निघतो, आणि समोरूनही लगेच एक आकडा येतो. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फ कारखान्यासाठी ११ पॅनल बॉक्स, म्हणजे विजेचं सामान ठेवायच्या पत्र्याच्या पेट्या, करून घेताना मीही तिथूनच सुरुवात केली. तीन कोटेशनं आली. किलोचा दर तिघांचा जवळपास सारखा, एकूण रकमा मात्र कुठल्या कुठे. खोदून विचारल्यावर कळलं, एकाने तयार पेटीचं वजन धरलं होतं, दुसऱ्याने कापण्याआधीच्या पत्र्याचं, म्हणजे भंगारासकट. तिसऱ्याच्या दरात पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला पावडरीचा रंग) होतं, पण बिजागऱ्या, लॉक आणि गास्केट, म्हणजे दाराची फट बुजवणारी पट्टी, नव्हतं. जीएसटी १८ टक्के आणि गाडीभाडं तिघांनीही बाहेर ठेवलेलं.

पत्र्याचा भाव सारखा हलतो, म्हणून इथे रुपये लिहीत नाही. किलो, बेंड (पत्र्याची वळणं), वेल्डचे मीटर आणि कोटिंगचे चौरस फूट लिहितो. त्यांना त्या दिवशीचा दर लावा.

कंट्रोल रूममधलं मोठं उभं पॅनल बाजारात तयार मिळणाऱ्या मापात बसलं, ते तसंच घेतलं. तयार मापात भागत असेल तर करून घेण्याच्या फंदात पडू नये. उरलेल्या ११ पेट्या तयार मापात बसेनात: ७ कॉम्प्रेसर रूम आणि मिठाच्या पाण्याच्या टाकीभोवती, ४ जेटीवर क्रशर आणि पंपांजवळ. सगळ्यांचं माप एकच ठेवलं, ८०० मिमी उंच, ६०० रुंद.

खोली सवयीने ३०० लिहिली होती. पैसे गळायला लागले ते इथून. अशा पेटीत पाठ आणि दोन बाजू एकाच पत्र्यातून वळवतात. म्हणजे ३०० + ६०० + ३००, शिवाय पुढच्या दोन्ही कडांना आत वळणाऱ्या पट्ट्या मिळून ८०. बेरीज १२८०. वळताना पत्रा ताणला जातो म्हणून दर बेंडमागे साधारण ३ मिमी वजा करायचे; सहा बेंडचे १८ गेले, उरले १२६२. पत्र्याची शीट १२५० बाय २५००. आडवा तुकडा १२ मिमीने बसत नाही. उभा ठेवला तर लांबीत दोन तुकड्यांना २५२४ लागतात, २४ मिमी कमी पडतात. एका शीटमधून एकच तुकडा निघतो. उरलेल्यातून एक दार निघेल, बाकी फ्रेमच्या पट्ट्या नाहीतर भंगार. आतलं सर्वांत खोल सामान मोजलं तर २४० मध्ये बसत होतं. खोली २७५ केली, तुकडा १२१२ झाला, आणि तोच तुकडा आडवा ठेवून २५०० लांबीत ८००चे तीन बसले. पेटीत फरक कळतही नाही. एक खबरदारी मात्र घ्या: तुमच्या फॅब्रिकेटरकडे जुन्या ८ बाय ४ फुटी शीट असतील तर रुंदी १२२० असते, आणि तिथे १२१२ अगदी काठावर येतो. ड्रॉइंग काढण्याआधी शीटचं माप विचारायला एक फोन पुरतो.

वजनाचा हिशोब सोपा आहे. मीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी, गुणिले मिमीमध्ये जाडी, गुणिले ७.८५, की किलो आले. या पेटीचे सहा पृष्ठभाग १.७३ चौरस मीटर. कडांच्या पट्ट्या धरून २ पर्यंत जातं. सोळा गेजचा, म्हणजे १.६ मिमी पत्रा घेतला तर साधारण २५ किलो. आतली, सामान बसवायची माउंटिंग प्लेट ७५० बाय ५५०, २ मिमी जाड, तिचे साडेसहा. खालची ३ मिमीची ग्लँड प्लेट, जिच्यातून केबल आत येतात, ती दीड. एकूण ३३ किलो. अंग चौदा गेजचं, २ मिमी मागितलं तर त्याचं वजन २५ टक्क्यांनी वाढतं. भिंतीवरच्या पेटीला त्याची गरज नव्हती. दार लवतं ते जाडी कमी म्हणून नव्हे, आतून आडवी पट्टी दिलेली नसते म्हणून. २०० ग्रॅमच्या पट्टीचं काम सहा किलो पत्र्यावर टाकायचं कशाला?

वजन तेवढंच, पण बेंड मोजले तर पेटीमागे दोन डझनांच्या आसपास भरतात. अंगाचे सहा, वरच्या आणि खालच्या झाकणांचे मिळून दहा, दाराचे आठ. प्रत्येक बेंडला माणूस तुकडा उचलतो, फिरवतो, टेकवतो. मशीन लावायला लागणारा वेळ एका पेटीला आणि अकरा पेट्यांना सारखाच. म्हणून एकसारख्या ११ पेट्यांत प्रत्येकीचा भाव उतरतो आणि ११ वेगवेगळ्या मापांत चढतो. भोक बेंडच्या अगदी जवळ आलं की वळताना अंडाकृती होतं. जाडीच्या अडीचपट आणि त्यात वळणाची त्रिज्या मिळवून येईल इतकं अंतर सोडावं लागतं. माझ्या पहिल्या ड्रॉइंगात लॉकचं भोक कडेपासून ४ मिमीवर होतं. ते तसंच कापलं असतं तर प्रत्येक दाराला कानस घेऊन बसावं लागलं असतं.

वेल्डिंगचं गणित त्याहून जास्त बोचतं. वरचं आणि खालचं झाकण अंगाला जोडायला २.३ मीटर सांधा. दर १०० मिमीत २५ मिमी टाके मारले तर वेल्ड पाऊण मीटरही भरत नाही. आयपी हा धूळ-पाणी किती अडतं याचा दर्जा; आयपी ६५ लिहिलंत तर सांधा सलग हवा. वेल्ड चौपट, ग्राइंडिंग चौपट, आणि उष्णतेने पत्रा वाकडा होतो तो सरळ करायचं काम वेगळं. टाक्यांमधल्या फटी सिलिकॉनने भरून 'आयपी ६५ आहे' म्हणणारे भेटतात; कोकणात पहिला पाऊस त्यांची परीक्षा घेतो. कॉम्प्रेसर रूममधल्या तीन पेट्यांवर पाणी उडतच नाही. त्यांना आयपी ५४ वर आणलं, बाकी आठ ६५ वर ठेवल्या. आणि आयपीचा आकडा धूळ आणि पाणी आत जाण्यापुरताच. गंजाबद्दल तो काही सांगत नाही. तो प्रश्न पत्र्याचा आणि रंगाचा.

जेटीवरच्या चार पेट्यांसाठी स्टेनलेस स्टीलची ३०४ ग्रेड की ३१६ यावर बराच खल झाला. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि खाऱ्या वाऱ्यातला क्लोराइड झेलायला तेच कामाचं. ३०४ समुद्राच्या तोंडावर लवकरच चहा सांडल्यासारखी डागाळते. लोहचुंबक लावून ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही. मॉलिब्डेनम दाखवणारे थेंब मिळतात ते टाकून बघा, आणि पत्र्यासोबत मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. जेटीवर ३१६ घेतली. वेल्डच्या बाजूला उमटणारा निळा-काळा पट्टा आम्लाच्या पेस्टने साफ करणं कोटेशनमध्ये लिहून घेतलं. न लिहिल्यास तो पट्टा तसाच येतो आणि गंज तिथूनच धरतो.

उरलेल्या सात साध्या सीआर (कोल्ड रोल्ड) पोलादी पत्र्याच्या, पावडर कोटिंगच्या. पेटीचं आतून-बाहेरून क्षेत्रफळ ४ चौरस मीटर, म्हणजे ४३ चौरस फूट. एका कोटेशनमध्ये फक्त बाहेरचं धरलं होतं, हे शेवटी सापडलं. खरा खर्च पावडरीत नाही, पावडरीआधीच्या टाक्यांत आहे. तेल काढणं, धुणं, गंज काढणं, धुणं, फॉस्फेटिंग, धुणं, पॅसिव्हेशन, अशा सात टाक्यांची साखळी असेल तर थर पत्र्याला धरून राहतो. कापडाने पुसून पावडर मारली तरी भट्टीतून निघताना दोन्ही पेट्या सारख्याच चकाकतात. फरक दिवाळीपर्यंत दिसतो: काठांवर बुडबुडे येतात आणि थर साल निघावी तसा सुटतो.

उन्हात येणाऱ्या पेटीला पॉलिएस्टर पावडर सांगा. इपॉक्सी उन्हाने खडूसारखी होते. आमच्या पेट्यांना खाली झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलिएस्टर, असे दोन थर दिले. दोनदा भट्टी म्हणजे कोटिंगचा खर्च जवळपास दुप्पट, पण टाकीभोवती मिठाचं पाणी उडतं तिथे एका थरावर भागलं नसतं. रंग राल ७०३५, म्हणजे फिकट करडा, ठेवला, कारण तो प्रत्येकाकडे भट्टीवर चालूच असतो. मालकांना कंपनीचा निळा हवा होता; सात पेट्यांसाठी तो मागवला असता तर पावडरीचा आख्खा बॉक्स आमच्या माथी आला असता.

लेझरने पत्रा कापताना कुठला वायू वापरला हेही विचारावं. ऑक्सिजनने कापलेल्या काठावर काळा थर बसतो, त्यावर रंग धरत नाही. पातळ पत्रा बहुधा नायट्रोजन किंवा हवेने कापतात, तिथे तो त्रास कमी. ३ मिमीच्या ग्लँड प्लेटच्या काठांवर मात्र तो होता, घासायला लावला.

किरकोळ सामानाला किरकोळ समजू नये. पेटीमागे तीन बिजागऱ्या, दोन लॉक, ३ मीटरच्या आसपास गास्केट, अर्थिंगचा बोल्ट. स्टेनलेसच्या पेटीला झिंक प्लेटेड पिनच्या बिजागऱ्या लावून आलेला एक नमुना मी परत पाठवला, पिनेचा गंज दारावर ओघळला असता. चिकटपट्टीचं गास्केट कोपऱ्यात तोडून जोडतात आणि पाणी नेमकं त्याच जोडातून शिरतं. ओतीव पीयू (पॉलियुरेथेन) फोमला जोड नसतो, पण तो ओतायचं मशीन सगळ्यांकडे नाही. म्हणून कोल्हापूरकडे काम करून घ्यावं लागलं.

एक गोष्ट बर्फ कारखान्यापुरतीच. अमोनियामुळे पितळ तडकतं. तरी केबल ग्लँड, म्हणजे केबल पेटीत शिरते तिथे तिला घट्ट धरणाऱ्या कड्या, मात्र सवयीने पितळीच येतात. कॉम्प्रेसर रूमसाठी पॉलिअमाइडचे (नायलॉनचे) लिहून घेतले. ते स्वस्तही पडले.

टाकीवर ७.५ किलोवॉटचा ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारं उपकरण, याच पेटीत बसवायचा विचार होता. ड्राइव्ह साधारण ३ टक्के उष्णता सोडतो, म्हणजे २२५ वॉट. रंगवलेला पत्रा दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला साडेपाच वॉट बाहेर टाकतो. भिंतीला टेकलेली पाठ सोडली तर आमच्याकडे सव्वा चौरस मीटर. आतबाहेर १० अंशांचा फरक चालवून घेतला तरी जेमतेम ७० वॉट. पंखा लावला तर खारी हवा आत ओढायची. ड्राइव्ह कंट्रोल रूमच्या पॅनलमध्ये नेला, टाकीवर फक्त आयसोलेटर (वीज तोडायचा स्विच) आणि बटणं ठेवली. केबल लांबली, पण पंखा, जाळी आणि मोठी पेटी वाचली.

सगळ्यांत महागात पडलं ते माझंच एक वाक्य: "कट-आउट (पेटीवरची भोकं) नंतर सांगतो." आयसोलेटरच्या दांड्याचं भोक ड्रॉइंगवर राहिलं. लेझरला ते काही सेकंदांचं काम. कोटिंग झाल्यावर होल-सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) पाडलं, काठ उघडा पडला, झिंक प्रायमर आणि टच-अप हाताने केला, तरी सातही पेट्यांवर ती जागा वेगळी दिसते.

वेळेचाही भाव असतो. १ जूनपासून मासेमारी बंद, कारखाना थांबतो, बसवण्याचं काम तेव्हाच उरकायचं. ऑर्डर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेली पाहिजे. आगोटीच्या तोंडावर गेलात तर घाईचा दर आणि ओल्या हवेत धुऊन नीट न सुकलेला पत्रा, दोन्ही पदरात येतात. आंबा घाटातून येणाऱ्या गाडीला ३३ किलोची पेटी म्हणजे ३३ किलो नव्हे. ट्रान्सपोर्टवाला जागा मोजतो, आणि पेटी म्हणजे बहुतेक हवाच. ग्लँड प्लेटा आणि माउंटिंग प्लेटा वेगळ्या गठ्ठ्यात आणल्या, त्यामुळे रिकाम्या पेट्यांत केबल आणि ग्लँड भरून येऊ शकले.

पेट्या उतरल्या की प्लास्टिक लगेच काढा, आत दमट हवा कोंडते. दार कागदाच्या पट्टीवर बंद करून पट्टी ओढा. सहज निघाली तर तिथे गास्केट दाबलेलं नाही. थराची जाडी मोजणाऱ्या मायक्रॉन मीटरने कोपरे आणि कडा तपासा, मधल्या सपाट भागावर सगळ्यांचाच थर बरा असतो. आमच्याकडे मध्ये ११० मायक्रॉन, कडेला ५५ भरले. दोन दारं परत गेली.

जेटीवरच्या चारही पेट्यांना वर छज्जा दिला, पुढच्या काठाला पागोळी सुटेल असा खाली वळवून. त्याचा तोटाही आहे. उघड्या भागावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, छज्जाखालच्या आणि पेटीच्या तळाच्या भागाला पाऊस लागतच नाही, आणि डाग तिथेच आधी येतात. म्हणून मालकांशी ठरवून घेतलं आहे: पंधरा दिवसांनी एकदा गोड्या पाण्याचा पाइप, आधी खालून, मग छज्जाच्या पोटात.