पडद्यांमधलं लाकूड

मी मिरजेत सतारी-तानपुरे करायला शिकलो. तिथले भोपळे आपल्याच पंढरपूर-मंगळवेढ्याकडून जातात, म्हणून उस्ताद मला ‘भोपळ्याच्या गावचा’ म्हणायचे. सोलापुरात दुकान टाकलं तेव्हापासून कामं येतात ती बहुतेक भजनी मंडळांच्या पेट्यांची. गिटार येते ती तारा बदलायला. त्यामुळे गेल्या श्रावणात पूर्व भागातल्या एका पोरानं गिटार टेबलावर ठेवून “काका, पडद्यांमधलं (म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांमधलं) लाकूड खोलगट करून द्या” म्हटलं, तेव्हा मी ती उचलून त्याच्या हातात परत दिली. चांगलं वाद्य कोण कोरून ठेवतं?

पोरगा हलला नाही. मोबाइलवर जॉन मॅकलॉफ्लिनचा फोटो दाखवला. मला हा माणूस ठाऊक होता तो झाकीरभाईंच्या शेजारी बसून वाजवणारा म्हणून, तेवढाच. पोराकडून बाकीचं कळलं. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा, जन्म 1942 चा. 1969 मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि जॅझमधल्या माइल्स डेव्हिसबरोबर रेकॉर्डिंगला बसला. 1971 मध्ये महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा स्वतःचा बँड काढला: दोन मानांची इलेक्ट्रिक गिटार, कान बसतील एवढा आवाज, विजेसारखा हात. आणि एवढं नाव झाल्यावर ते बाजूला ठेवून व्हायोलिनवाले एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन, घटमवाले विनायकराम यांच्याबरोबर ‘शक्ती’ या बँडमध्ये साधी लाकडी गिटार घेऊन बसला. त्या गिटारच्या पडद्यांमधलं लाकूड कोरलेलं होतं, आणि पोटावरून तिरक्या आणखी सात तारा होत्या.

“त्याआधी तो एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकला होता,” पोरगा म्हणाला, आणि मला सगळं उलगडलं. वीणेचे पडदे मेणावर उंच बसवलेले असतात. बोट लाकडाला लागत नाही, म्हणून तार हवी तशी खेचता येते. गिटारवर बोट लाकडाला घासतं आणि मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, अडते. ज्याच्या वेगाला जग टाळ्या वाजवत होतं, त्याला एका सुरातून दुसऱ्या सुरात सावकाश जायचं होतं. मला या माणसाबद्दल तेव्हा फार माया वाटली.

आधी एका मोडक्या गिटारवर हात बसवला. मग रविवारी सकाळी पोराला समोर बसवून पडद्यांवर टेप चिकटवली आणि गोल कानस घेतली. बाराव्या पडद्यापासून खाली पोटाकडे, मधोमध दीड मिलिमीटर, त्याहून खोल नाही. चौदाव्या पडद्यापाशी कानस निसटली आणि कडेला ओरखडा गेला. चूक माझीच. पोराच्या आईनं शिलाईच्या पैशांतून घेतलेली गिटार होती ती. बारीक पॉलिश पेपरनं कड जुळवेपर्यंत मला पाणीही सुचलं नाही.

संध्याकाळी तारा चढवल्या. त्यानं सवयीनं दाबून वाजवलं आणि सूर चढला. त्याचा चेहरा उतरला.

“दाबू नकोस रे. खाली लाकूड नाही आता. तार पडद्याला नुसती टेकव.”

पुन्हा टेकवली. मग गंधारावर बोट ठेवून तार हळूहळू खेचली, आणि मध्यम आला. मधली सगळी वाट ऐकू आली. माझ्या अंगावर काटा आला. त्यानं तेच दहा-बारा वेळा केलं. मीही थांबवलं नाही.

मग म्हणतो, “आणि त्या सात तारा?”

त्याला तारा टेकवायला वेगळी घोडी लागेल, खुंट्या लागतील, ताण सोसायला आतून पट्टी लागेल. माझ्या एकट्याचं ते काम नाही. गुरुवारी त्याला घेऊन मिरजेला उस्तादांकडे जायचं ठरलंय.