टाइप-सी आहे एवढं कळून भागत नाही

परवा चार्जिंगची टॉर्च काढली, पार उतरलेली होती, म्हणून मोबाईलच्याच चार्जरला लावली. दोन्हीकडे टाइप-सी, म्हटलं झालं काम. पण लाल दिवासुद्धा लागेना. पिन उलटी करून लावली, दुसरी वायर लावली, सॉकेट फुंकून बघितलं, काही नाही. शेवटी ड्रॉवरमधला जुना चार्जर काढला, तो चपट्या चौकोनी यूएसबी-ए तोंडाचा, त्याला ए-टू-सी वायर लावली आणि लगेच दिवा लागला. म्हणजे टॉर्च धड, चार्जर धड, वायर धड, आणि तिघं एकत्र आले की चालत नाही. हे का होतं ते त्या दिवशी बसून नीट वाचलं आणि तेव्हापासून कुणाला तरी सांगायचंच होतं.

टाइप-सीच्या सॉकेटमध्ये २४ पिना असतात आणि त्यातल्या दोन सीसी नावाच्या. सी तोंडाचा चार्जर आधी या पिनांवरून चाचपून बघतो की पलीकडे कुणी आहे का. उपकरणात त्या दोन्ही पिनांना ५.१ किलोओहमचा एकेक रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा बारीकसा भाग, लावलेला असला तरच तो ५ व्होल्ट सोडतो, नसला तर त्याच्या लेखी पलीकडे कुणीच नाही. जुन्या ए पोर्टवर मात्र ५ व्होल्ट कायम सुरूच असतात, तो काही विचारत बसत नाही, म्हणून तिथे टॉर्च चार्ज झाली. दोन रेझिस्टर, तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, तेवढे वगळले की ही अशी गत होते. आणि हे फक्त स्वस्तातल्या वस्तूंचं नाही हं, २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ नावाचा एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर आला तेव्हा त्यात दोन्ही सीसी पिनांना मिळून एकच रेझिस्टर दिला होता, त्यामुळे ज्या वायरींमध्ये चिप असते त्यांच्यावर तो सुरूच होत नव्हता, नंतरच्या बोर्डात त्यांनी ते दुरुस्त केलं.

मला टाइप-सी मनापासून आवडतं, हे आधी सांगते. नोकियाची जाडी पिन, मग बारीक पिन, प्रत्येक कंपनीचं वेगळं तोंड, हे सगळं बघितलेलं आहे. मग मायक्रो-यूएसबी आलं, २००९ मध्ये मोठ्या मोबाईल कंपन्यांनी युरोपियन कमिशनबरोबर तसा करार केला, पण ते एकाच बाजूने जायचं आणि अंधारात उलटं घुसवून किती सॉकेट ढिले झाले असतील. ॲपलने २०१२ मध्ये आयफोन ५ बरोबर लाइटनिंग आणलं, दोन्ही बाजूंनी जाणारं, पण फक्त त्यांचंच. २०१४ मध्ये टाइप-सीचं स्टँडर्ड ठरलं, आयफोनला ते यायला २०२३ उजाडलं, आणि २८ डिसेंबर २०२४ पासून युरोपियन युनियनमध्ये नवीन मोबाईलला टाइप-सी सक्तीचं झालं. चांगलंच झालं.

फक्त झालंय काय, की टाइप-सी हे सॉकेटच्या आकाराचं नाव आहे आणि आपण ते त्याच्या ताकदीचं नाव समजतो. आयफोन १५ आणि १५ प्रो घ्या, सॉकेट दिसायला एकच. पण साध्या १५ मध्ये डेटा जातो ४८० मेगाबिटने, म्हणजे यूएसबी २ चा जुनाच स्पीड, आणि प्रो मध्ये १० गिगाबिटपर्यंत. त्यातही प्रो च्या बॉक्समधली वायर यूएसबी २ चीच आहे, म्हणजे पैसे मोजून घेतलेला स्पीड मिळवायला वायर पुन्हा वेगळी घ्या. चार्जिंगचंही तेच, साधी सी-टू-सी वायर ३ अँपिअरपर्यंत चालते, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. ५ अँपिअर हवे असतील तर वायरीच्या तोंडात ई-मार्कर नावाची चिप लागते. सॅमसंगचे ४५ वॉटचं चार्जिंग असलेले काही फोन कमी व्होल्टला जास्त अँपिअर मागतात, ते साध्या ३ अँपिअरच्या वायरीला लावले तर ४५ मिळतच नाहीत, आणि माणूस चार्जरला शिव्या घालत बसतो.

यूएसबीवाल्यांनी तर नावं बदलून बदलून पार वाट लावली होती. २००८ चं यूएसबी ३.०, तेच पुढे ३.१ जेन १ झालं, तेच मग ३.२ जेन १ झालं, स्पीड तिन्हींचा ५ गिगाबिट! शेवटी २०२२ मध्ये त्यांनी ठरवलं की लेबलवर सरळ ४० जीबीपीएस, ६० वॉट, २४० वॉट असंच छापायचं. हे आधीच करायला हवं होतं.

आणि मोबाईलच्या नावांचं हेच दुखणं आहे. नाव वाचून काहीतरी कळलं पाहिजे ना? २०१७ मध्ये आयफोन ८ आणि त्याच्याबरोबरच एक्स आला, तो एक्स म्हणजे रोमन दहा, पण म्हणायचे सगळे एक्सच, आणि ९ कधी आलाच नाही. गॅलेक्सी नोट ५ नंतर थेट नोट ७. वनप्लस ३टी नंतर ५. शाओमीने २०२५ मध्ये १५ वरून १७ वर उडी मारली. एक गोष्ट मात्र मला पटली, सॅमसंगने २०१९ च्या एस१० नंतर २०२० मध्ये एस२० केलं आणि मग २१, २२ असं चालू ठेवलं, त्यामुळे आकडा बघितला की साल कळतं. हे कुणालाही समजावून सांगता येतं.

पण त्याच कंपनीचा गॅलेक्सी ए१५ घ्या, एक ४जी आणि एक ५जी, नाव तेच, प्रोसेसर वेगळा, एकात हेलिओ जी९९ आणि दुसऱ्यात डायमेन्सिटी ६१००+. कुणी नुसतं "ए१५ आहे" म्हणालं तर काहीच कळत नाही. मॉडेल नंबर बघितला की लगेच कळतं, ४जीचा एसएम-ए१५५ ने सुरू होतो आणि ५जीचा एसएम-ए१५६ ने. माझ्या मावशीने फोन सांगितला तो "प्रो आहे गं" असा, मी त्या नावाचा बॅक कव्हर मागवला, आणि आला तेव्हा कॅमेऱ्याचं भोक एका कोपऱ्यात आणि फोनचा कॅमेरा भलतीकडेच. तिचा प्रो प्लस होता. तिची काय चूक, तिला दुकानात जे सांगितलं तेच ती सांगणार.

म्हणून आता कुणीही डिस्प्ले, बॅटरी, कव्हर काहीही विचारलं की मी आधी सेटिंगमध्ये अबाउट फोन उघडायला लावते आणि मॉडेल नंबरचा स्क्रीनशॉट मागवते. आणि घरातल्या सगळ्या सी-टू-सी वायरींना टोकाशी पांढरी टेप गुंडाळून पेनाने लिहिलंय, ६०, १००, "फक्त चार्जिंग". त्या टॉर्चवर पण एक टेप लावलीय, "जुना चार्जर".