आईच्या सुईत दोरा जायचा म्हणून

आमची आई गोव्यात डिचोलीला घरीच ब्लाऊज शिवते, शुगर होऊन तिला अकरा वर्षं झाली तरी मशीनच्या सुईत दोरा एका झटक्यात ओवायची, त्यामुळे डोळे दाखवूया म्हटलं की म्हणायची अगो मला सगळं बरं दिसतं, कशाला उगाच. आणि मीही ऐकलं तिचं. हे अजून सलतं मला.

गेल्या चतुर्थीनंतर चष्म्याचा नंबर काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी थेंब घालून डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, बघितला आणि रक्ताचे बारीक ठिपके दाखवले, दोन्ही डोळ्यांत. दुखत नव्हतं, अंधुक नव्हतं, काहीच नव्हतं! शुगर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होऊन पाझरायला लागतात, पण पडद्याचा मधला भाग, ज्याने आपण वाचतो, दोरा ओवतो, त्याला सूज येईपर्यंत बऱ्याचदा कळतच नाही. आणखी पुढे गेलं की नव्या नाजूक वाहिन्या उगवतात, त्यातून डोळ्याच्या आत रक्त उतरतं. लेसर आहे, इंजेक्शनं आहेत, पण गेलेली नजर सगळी परत येईल याची खात्री कोणी देत नाही.

खरा धक्का शुगरचा बसला. फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची शुगर, नेहमी ११५-१२०, आणि एचबीए१सी ही रक्ताची टेस्ट काढली तर ९.४, म्हणजे खूपच चढलेली. मग हळूहळू बाहेर आलं, टेस्टच्या आधी दोन दिवस आई भात सोडून थोडीशी भाकरी खायची, रात्री लवकर जेवायची. रिपोर्ट म्हणजे परीक्षा वाटते आमच्या बायकांना, नापास झालो तर पोरं ओरडतील. पण एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब काढतं, त्याला दोन दिवसांची भाकरी पुरत नाही.

त्या रात्री मी वाचत बसले. १९९३ च्या डीसीसीटी अभ्यासात टाइप १ वाल्यांनी शुगर कडक सांभाळली तर डोळ्यांचा हा आजार सुरू व्हायचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. आईसारख्या टाइप २ वाल्यांवर ब्रिटनचा यूकेपीडीएस, १९९८ चा, त्यातही शुगर आणि बीपी दोन्ही सांभाळल्याचा फायदा दिसला. आणि २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब सर्वेक्षणात मधुमेहाचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त आपल्या गोव्यात, २६.४ टक्के.

आता आमच्याकडे शिताचा, म्हणजे भाताचा, ढीग कमी झालाय, हुमण (माशाची कढी) तेवढंच, भाजी जास्त. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, पोई हा पाव कोंड्याचा म्हणून कितीही चालतो असं आईचं मत होतं, ते मोडायला वेळ लागला. गोळ्या वाढल्या, पण डॉक्टरांनी शुगर एकदम खाली ओढू दिली नाही, खूप दिवस चढलेली शुगर झपाट्याने उतरवली तर पडदा सुरुवातीला थोडा बिघडू शकतो म्हणे, म्हणून मधे डोळे पुन्हा तपासले.

टाइप २ असेल तर निदान झालं की लगेच पडदा बघून घ्या, कारण शुगर कळण्याआधीच कित्येक वर्षं आत असू शकते, आणि नंतर वर्षातून एकदा, डॉक्टर म्हणाले तर लवकर. थेंबांनी काही तास धूसर दिसतं, उन्हाचा त्रास होतो, तेव्हा स्कूटर घेऊन एकटं जाऊ नका.

आईचं एचबीए१सी आता ७.३ आहे, ठिपके वाढलेले नाहीत. शेजारच्या काकी म्हणत होत्या मला लांबचं सगळं दिसतं, आईनेच त्यांना रिक्षात घातलं, मंगळवारची वेळ मिळालीय.