मका भिजली, तिथून दुधाच्या तपासणीपर्यंत

आमच्या सिल्लोड भागात मका काढणीला येते आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस येतो. गेल्या हंगामात कणसं खुडून शेतात ढीग घातला होता. मळणीयंत्राचा नंबर लागायच्या आत पावसानं गाठलं. ताडपत्री होती, पण ओल तिच्याखालीच कोंडली. उघाड मिळाल्यावर ढिगात हात घातला, तर आतली कणसं कोमट लागली.

एक कणीस सोलून पाहिलं. शेंड्याकडच्या दाण्यांच्या ओळींमध्ये पोपटी-हिरवी पूड होती, बोट लागलं की उडायची. दुसऱ्या कणसावर गुलाबी-पांढरी बुरशी कापसासारखी चिकटलेली. मी बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं होतं, त्यामुळं पोटात गोळाच आला. हिरवी बुरशी बहुधा ॲस्परजिलसची, तिचं विष अफ्लाटॉक्सिन. गुलाबी फ्युजेरियमची, ती फ्युमोनिसिन तयार करते.

अण्णा म्हणाले, "चार दिवस ऊन दे, बुरशी झडून जाईल. आपल्याला नको, जनावराला भरडून घालू." गावात बहुतेक घरी हेच करतात. पण आमच्या गाईचं दूध माझी लहान पुतणी पिते. शिवाय वाळवलं की बुरशीची वाढ थांबते, तिनं आधी सोडलेलं विष दाण्यातच राहतं. भाकरी भाजली, घुगऱ्या शिजवल्या, तरी अफ्लाटॉक्सिन बरंचसं टिकतं.

ते पेशीत काय करतं, हे अण्णांना समजावायला मला दोन संध्याकाळी लागल्या. यकृताच्या पेशींचं काम म्हणजे शरीरात आलेलं परकं द्रव्य बदलून बाहेर टाकणं. अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत नेमकं हेच अंगावर येतं. यकृतातली विकरं त्याला असं रूप देतात की ते मूळ विषापेक्षा घातक होतं आणि थेट डीएनएमधल्या ग्वानिन या घटकाला जाऊन चिकटतं. ग्लुटाथायोन नावाचं रसायन त्यातलं बरंच निकामी करतं, पण विष जास्त झालं की ते पुरं पडत नाही. मग पेशीची नक्कल होताना तिथं चूक उतरते. बिघडलेल्या पेशीला आवर घालणारा पी५३ हा जनुक आहे. अफ्लाटॉक्सिन जास्त असलेल्या प्रदेशांतल्या यकृताच्या कर्करोगात याच जनुकातल्या २४९ व्या जागी ही चूक वारंवार सापडली आहे. ज्याला हिपॅटायटिस बी आहे, त्याचा धोका तर कैक पटींनी वाढतो. फ्युमोनिसिनची रीत वेगळी. पेशीच्या आवरणातला स्निग्ध पदार्थ घडवणारं एक विकर ते अडवतं, अर्धवट घटक पेशीत साचतात आणि पेशी मरतात. घोड्यांचा मेंदू यानंच मऊ पडतो.

अण्णांना डीएनए पटलं नाही, पंचमहालची हकिकत पटली. १९७४ साली गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या भागांत आदिवासी गावांनी पावसात भिजलेली मका खाल्ली. कावीळ झाली, पोटात पाणी झालं, शंभरावर माणसं दगावली. त्याच घरांतलं उरलंसुरलं खाणारी कुत्रीसुद्धा मेली. "कुत्री बी?" अण्णांनी दोनदा विचारलं. मग १९९५ ची कर्नाटक-आंध्रातली गोष्ट सांगितली. तिथं भिजलेल्या ज्वारी-मक्यातल्या फ्युमोनिसिननं गावंच्या गावं पोटदुखी आणि जुलाबानं हैराण झाली होती. खरिपाची ज्वारी काळी पडलेली आपण दरवर्षी बघतो, रब्बीची मालदांडी ज्वारी मात्र थंडीत कोरड्यात पिकते म्हणून बरीचशी वाचते, हे अण्णांनीच पुढं जोडलं.

नमुना घ्यायचं काम वाटलं तितकं सोपं नव्हतं. विष सगळ्या ढिगात सारखं नसतं, थोड्या दाण्यांत भयंकर असतं, बाकीचे स्वच्छ. म्हणून मूठभर मका उचलून नेण्यात अर्थ नाही. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून, तळातून थोडी थोडी काढली, चादरीवर ढीग करून कालवली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन ठेवले, पुन्हा तेच. कापडी पिशवीत भरली, कारण प्लास्टिकमध्ये दाणे घामेजतात आणि बुरशी वाटेतच वाढते. पहिल्या ठिकाणी "आमच्याकडं फक्त मातीची तपासणी होते" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या प्रयोगशाळेनं घेतली. धान्यासाठी आपल्याकडं अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. आमची मका तिच्या बरीच वर निघाली.

गाईला त्यातला भरडा थोडे दिवस आधीच सुरू झाला होता. गाईनं खाल्लेल्या विषाचा लहानसा हिस्सा, ढोबळमानानं शंभरात एक-दोन, अफ्लाटॉक्सिन एम१ या रूपात दुधात उतरतो. त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम. युरोपात ती याच्या दहावा भाग आहे. दूध संकलनाच्या ठिकाणी मात्र फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बघून भाव ठरतो, एम१ कुणी विचारत नाही. याचा मला खरंच राग येतो, कारण हे दूध सगळ्यांत जास्त लहान लेकरंच पितात.

भरडा त्याच दिवशी बंद केला. गुरांच्या डॉक्टरांनी आंबोणात विष धरून ठेवणारी बेंटोनाइट माती मिसळायला दिली, जुनी सरकी पेंडही काढून टाकायला सांगितली, कारण तिच्यातही हेच विष असू शकतं. विषाचा चारा थांबला की दूध काही दिवसांत निवळतं. तोवर वहिनीनं पुतणीला शेजारचं दूध दिलं आणि आमचं कुणालाच घातलं नाही.

मका निवडली, काणी-फुटकी आणि बुरशीची बाजूला काढून खड्ड्यात पुरली. उरलेली ओलावा तेरा टक्क्यांखाली येईपर्यंत वाळवली आणि तिचा नमुना पुन्हा पाठवला. तो मर्यादेत आला, दुधाचाही आला. मोंढ्यात एका व्यापाऱ्यानं पुरलेल्या मक्यासाठी आधी पडता भाव सांगितला होता, "कोंबडीखाद्यात चालतं" म्हणून. अण्णांनीच नाही म्हटलं.