खुळखुळा

नारळ कानाशी धरून हलवायचा, आत पाणी वाजलं तरच घ्यायचा, हे मला आईनं शिकवलं. माठाला टिचकी मारून बघायची, कलिंगडावर थाप द्यायची, भेंडीचं शेपूट मोडून बघायचं. भेंडीच्या बाबतीत भाजीवाल्या कुरकुरायच्या, पण आईनं कधी ऐकलं नाही. परीक्षा आधी, पैसे नंतर.

सिनेमाच्या डिस्कपुढे ही सगळी विद्या उलटी पडते. कुरिअरवाला पाकीट हातात देतो, मी ते कानाशी धरून हलवतो, आणि आत काही वाजलं की पोटात गोळा येतो. वाजलं याचा अर्थ, डबीतल्या मधल्या दातेरी बोंडावरून डिस्क निसटलेली आहे आणि गोदामापासून माझ्या दारापर्यंत आतल्या आत घासटत आलेली आहे. बायको स्वयंपाकघरातूनच विचारते, "आला का खुळखुळा?"

मी ब्लू-रे जमवतो, म्हणजे डीव्हीडीच्या पुढच्या पिढीच्या सिनेमाच्या डिस्क. मोबाइलवर सगळं मिळत असताना हे कशाला, या प्रश्नाला उत्तर देणं मी सोडून दिलंय. पातेल्यात चहा उकळणाऱ्याला कुणी विचारतं का, पिशव्या मिळत असताना हे कशाला म्हणून?

तर डबी उघडल्यावर डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरायची. बोट फक्त कडेला. चरा दिसतो का, बोटांचे ठसे आहेत का, डिंकासारखा एखादा थेंब सुकलाय का. खरं तर या तपासणीला फारसा अर्थ नाही, हे मला ठाऊक आहे. ब्लू-रेवरची माहिती ज्या सर्पिल रेघेत असते, तिचे दोन वेढे एकमेकांपासून जेमतेम 0.32 मायक्रॉनवर. म्हणजे डोक्याच्या एका केसाच्या रुंदीत दोनशेच्या आसपास वेढे बसतील. ते वाचायला 405 नॅनोमीटरचा निळसर-जांभळा लेसर लागतो. डीव्हीडीत माहितीवर 0.6 मिलिमीटर प्लॅस्टिकचं पांघरूण असायचं. इथे ते 0.1 मिलिमीटर, वहीच्या एका पानाएवढं. 2003 साली जपानात पहिल्या ब्लू-रे डिस्क आल्या, त्या एवढ्यासाठीच बंद पेटीत असायच्या. पुढे वरून टणक लेप देण्याची युक्ती सापडली आणि पेटी गेली. त्या लेपावर विसंबून 2006 पासून सिनेमे उघड्या डिस्कवर यायला लागले. एवढ्या बारीक कारभारात काय बिघडलंय, ते माझ्या चाळिशीला काय दिसणार? पण भेंडीचं शेपूट मोडल्याशिवाय चैन पडत नाही, तसंच हे.

दोष कळतो तो रात्री साडेदहाला. आम्ही एक जुना रहस्यपट लावला होता. एक तास सतरा मिनिटं झाली होती, इन्स्पेक्टरनं चहाचा कप ओठांपर्यंत नेला आणि तिथेच थांबला. आधी मला तो अभिनय वाटला. मग चेहऱ्याचे चौकोनी तुकडे झाले, कानाचा एक तुकडा भिंतीवरच्या घड्याळापाशी गेला. "अरे, त्याला चहा तरी पिऊ दे," बायको म्हणाली. डिस्क काढली, चष्म्याच्या फडक्यानं मधून कडेकडे सरळ पुसली (गोल गोल पुसू नये, चरा रेघेच्या बाजूनं गेला तर जास्त नडतो), परत लावली. कप ओठांशी. माझा संशय थर बदलण्याच्या जागेवर. 50 जीबीची डिस्क दोन थरांची असते. लेसरला मध्येच एका मजल्यावरून दुसऱ्यावर जावं लागतं, आणि जिन्यात पाय अडखळतो तसं काहीतरी होत असावं.

विक्रेत्याला फोन केला. "सर, दुसऱ्या प्लेअरवर लावून बघितली का?" जसे काही घरोघरी चार प्लेअर असतात. तरी कोथरूडला मित्राकडे गेलो. त्याच्याकडेही कप ओठांशी. मित्रानं मात्र आम्हाला खराखुरा चहा पाजला. आठ दिवसांनी बदली डिस्क आली, वाजली नाही, ट्यूबलाइटखाली स्वच्छ. एक तास सतरा मिनिटं. कप ओठांशी.

इथे मला पेणचे गणपती आठवतात. साच्यातच कानाला टवका असेल, तर त्यातून निघालेल्या प्रत्येक मूर्तीला तो असणार. मूर्ती बदलून काय उपयोग? डिस्कचंही तेच. काचेवर मूळ प्रत कोरतात, तिच्यावरून निकेलचा ठसा करतात आणि त्या ठशावर वितळलेलं पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक दाबून डिस्क काढतात. ठसाच चुकला, की सगळा घाणाच चुकला. विक्रेता त्याच घाण्यातली दुसरी चकली आपल्याला मोठ्या मनानं देतो.

याच्याही आधीची चूक असेल, तर ठशालाही दोष देता येत नाही. 2010 साली 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'च्या ब्लू-रेवर आवाज आणि चित्र यांची फारकत झाली होती. कंपनीला ती दुकानांतून मागे घेऊन बदलून द्यावी लागली. ही निदान सरळ चूक. मला खरा राग येतो तो सफाईचा.

फिल्मवर चित्रीत केलेल्या सिनेमात एक बारीक कण असतो. पडदा सतत किंचित वळवळत असतो. त्याला आपल्याकडे फार चांगला शब्द आहे: रवाळ. साजूक तूप रवाळ हवं, त्यातच त्याची ओळख. पण मोठ्या टीव्हीवर कण दिसला, की नव्या गिऱ्हाइकाला वाटतं चित्र खराब आहे. मग कंपनी संगणकाला सांगते, कण काढ. कणाबरोबर गालावरची रंध्रं जातात, सुरकुत्या जातात, कोटाची वीण जाते. उरतात लोणावळ्याच्या म्युझियममधल्यासारखी मेणाची माणसं. रवाळ तुपाचं वनस्पती तूप करून वर जास्त पैसे घ्यायचे, असा हा उद्योग. 2009 साली 'ग्लॅडिएटर'ची ब्लू-रे आली, तेव्हा या सफाईचा कळस झाला. सुरुवातीच्या लढाईत आकाशातून बाण येतात. संगणकाला ते फिल्मवरचा कचरा वाटले आणि त्यानं त्यातले काही पुसून टाकले. सैनिकांनी सोडलेले बाण झाडूवाल्यानं मधल्या मधे लोटून नेले! लोकांनी ओरड केली, 2010 मध्ये नवी प्रत काढावी लागली. मी दोन्ही ठेवल्यात. पाहुण्यांना दाखवतो. पाहुणे बाण मोजत नाहीत, चिवडा खातात.

कधी कधी दोष की हौस, हेच कळत नाही. 'द फ्रेंच कनेक्शन' 2009 मध्ये आली, ती उडालेल्या, पाणचट रंगांत. मला वाटलं, माझीच डिस्क बिघडलेली. पण ते रंग खुद्द दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिननं करून घेतलेले होते, आणि छायाचित्रकार ओवेन रॉइझमन त्यावर जाहीरपणे चिडला. पुढे 2012 साली रंग सुधारून पुन्हा काढली. नवरा-बायकोच्या भांडणात पाहुण्यानं कुणाची बाजू घ्यावी? मी दोघांच्याही प्रती घेतल्या, म्हणजे पैसे दोनदा दिले.

या सगळ्याचा माझ्यावर परिणाम झालाय तो असा, की मी सिनेमा बघत नाही, निवडतो. ताटात तांदूळ घेऊन खडे निवडावेत तसा. नायिका रडत असते आणि मी तिच्या मागच्या अंधारात चौकोनी डाग दिसतात का ते बघत असतो. परवा तर मी सिनेमा थांबवून उठलो, एका काळ्या ठिपक्यापाशी नाक नेलं आणि पंधरा मिनिटं त्यावर बोललो. बायकोनं फडकं आणून तो पुसला. डास होता.

रहस्यपटाची तिसरी प्रत विक्रेत्यानं गेल्या महिन्यात धाडली, वेगळ्या घाण्यातली. पाकीट वाजलं नाही. रात्री लावली, पुढे पळवत एक तास सोळा मिनिटांवर आणली. दोघं सोफ्याच्या कडेला पुढे सरकून बसलो. इन्स्पेक्टरनं कप उचलला. ओठांपाशी नेला. प्यायला! कप बशीत ठेवल्याचा आवाजसुद्धा स्वच्छ आला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी डिस्क बाहेर काढली, डबीत बोंडावर टक् करून बसवली आणि डबी कपाटात ठेवली.

खुनी कोण, हे मला अजून माहीत नाही. बायको म्हणते, तिला पहिल्याच रात्री कळलं होतं. पण सांगत नाही.