शेती असावी, शेतकरी नसावा

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मुलगा काय करतो?" मी "शेती" म्हटलं की पलीकडून क्षणभर काहीच ऐकू येत नाही. मग "किती आहे?" साडेतीन एकर, सगळी बागायत, डाळिंब. "आणि पुण्यात फ्लॅट वगैरे?" नाही म्हटलं की "बरं, घरात बोलून कळवते." कळवत कुणी नाही. तीन वर्षांत माझ्या वहीत ४१ स्थळं झाली. त्यातल्या सहा ठिकाणी पोहे खाण्यापर्यंत मजल गेली.

वही मी ठेवते, कारण मी पंढरपुरात अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते आणि घरच्यांच्या मते हिशोब मला कळतो. स्थळं बघतोय ती धाकट्या भावासाठी. घरात त्याला बापू म्हणतात. वय ३३, सांगोला तालुक्यात आमचं गाव, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही.

मुलीकडच्यांना मुलगा नोकरीला हवा, शिवाय गावाकडे चार एकर जमीनही हवी, यावर स्टाफरूममध्ये सगळे हसतात. मला आता त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. जमीन ही मालमत्ता आहे, तिचा भाव चढतो. शेती हा धंदा आहे, आणि त्यात डाळिंबावर कधी तेल्या रोग येतो, कधी मर लागून झाडं वाळतात. आमची निम्मी बाग दोन वर्षांपूर्वी उपटून टाकावी लागली. मालमत्ता हवी पण जोखीम नको, असं म्हणणाऱ्या बापाला अडाणी कसं म्हणायचं?

माझं लग्न २००८ सालचं. तेव्हा सगळं उलटं होतं. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, चपला झिजवल्या, दीड लाख हुंडा आणि पाच तोळे दिले, हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा असूनही. आता बापूच्या वेळी अण्णाच सांगत फिरतात, "आम्हाला काही नको, फक्त मुलगी द्या, दोन्हीकडचा खर्च आमचा." सतरा वर्षांत भाव असा फिरला.

यामागे एक साधं गणित आहे. आपल्याकडे मुलगा चार-पाच वर्षांनी लहान मुलगी बघतो. दरवर्षी आदल्या वर्षापेक्षा जास्त बाळं जन्मत असतील, तर पाच वर्षं लहान मुलींचा घोळका आपोआप मोठा असतो. मुली जास्त, वर कमी, म्हणून वराचा भाव. माझ्या वेळी हेच चालू होतं. जन्मांची वाढ थांबली की ही सवलत संपते. राज्याचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, २०१९-२१ च्या पाहणीतच १.७ वर आला होता, म्हणजे पुढच्यांची अडचण याहून मोठी असणार. त्यावर आपण केलेलं पाप वेगळंच. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. बीड जिल्ह्यात तर ८०७. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा आहे. आज बापूसाठी ज्या मुली बघतोय, त्या जवळजवळ सगळ्या त्या ९१३ मधल्या. शिवाय गेल्या वर्षी ज्यांचं जमलं नाही तेही यंदा रांगेत उभे आहेतच.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात बाशिंग बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत तरुणांनी कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. बायको द्या, अशी मागणी. तो व्हिडिओ आमच्या स्टाफरूममध्ये फिरला तेव्हा मीही पोट धरून हसले होते. तेव्हा वहीत नऊ स्थळं होती.

गेल आणि शॅप्ली या दोघा गणितज्ञांनी १९६२ मध्ये जोड्या लावायची एक रीत मांडली. शॅप्लीला पुढे २०१२ मध्ये नोबेल मिळालं. एका बाजूने मागणी घालायची, दुसऱ्या बाजूने हातातलं सर्वांत बरं स्थळ धरून ठेवायचं आणि त्याहून बरं आलं की आधीचं सोडायचं. यातला गमतीचा भाग असा की एकूण फायदा विचारत फिरणाऱ्या बाजूचा होतो, वाट बघणाऱ्यांचा नाही. हे वाचून मी आईला म्हटलं, बघ, आपण फिरतोय म्हणजे बरंच आहे. पण त्याच गणिताचा दुसरा निष्कर्ष मी तिला सांगितला नाही. पसंतीक्रम तेच राहिले, तर मागणी कुणीही घालो, शेवटी बिनलग्नाचे उरणारे तेच ते लोक असतात.

अर्थशास्त्र म्हणतं, ज्याची टंचाई त्याचा वाटा वाढतो. मुली कमी झाल्या, तर मुलींचं चांगभलं व्हायला हवं. काही घरांत झालंही आहे, मुलगी "नाही" म्हणते आणि बाप ऐकतो, हे आमच्या वेळी कुठे होतं. पण गेल्या दिवाळीत एक मध्यस्थ घरी आला. मुलगी लांबची आहे, गरीब घरची, दोन लाख द्या, कागदपत्रं मागाहून. मी विचारलं, यातले मुलीच्या हातात किती? त्याला प्रश्नच कळला नाही. अण्णा पैसे द्यायला तयार होते. आमच्या भागात अशा लग्नातली नवरी आठवड्यात दागिने घेऊन गेल्याचे किस्से आहेत आणि लोक ते चवीने सांगतात. मला भीती त्याची नव्हती. न पळणाऱ्या मुलीची होती.

आता माझं सांगते. २००७ साली मला बारा एकरवाल्याचं स्थळ आलं होतं. ऊस, विहीर, ट्रॅक्टर. मी नाही म्हटलं, अण्णांनी दोन दिवस अबोला धरला, मग शिक्षक मुलगा शोधला. कारण मी आईला बघत होते. पहाटे चारला धारा, मग चूल, मग खुरपणं, संध्याकाळी पुन्हा गोठा, आणि सातबाऱ्यावर नाव अण्णांचं. रोजाने बाई लावली तर तिला मजुरी द्यावी लागते, घरच्या बाईला नाही. एकेचाळीस जणींनी बापूला नाकारलेलं नाही, त्यांनी ते काम नाकारलंय. हे मी बापूला मागच्या महिन्यात पहिल्यांदा बोलून दाखवलं. तो काही बोलला नाही, औषध मारायला गेला.

मामांचं म्हणणं, बायोडाट्यात "शेती" काढून "फळ निर्यात व्यवसाय" लिहा. एक गाडी एकदा व्यापाऱ्यामार्फत बाहेर गेली होती म्हणून. मी तसं टाइप करून बापूला पाठवलं. त्याने रात्री दुरुस्त करून परत पाठवलं. व्यवसाय: शेती. जमीन: साडेतीन एकर, कर्ज आहे. आणि "अपेक्षा"च्या जागी लिहिलंय, "गाई दोन आहेत. धारा मी काढतो, पुढेही मीच काढीन."

मामा म्हणाले, हे असलं लिहितात होय बायोडाट्यात! मी तसंच राहू दिलंय. बेचाळिसावं स्थळ वेळापूरकडचं आहे, मुलगी नर्सिंग झालेली. रविवारी फोन करतो म्हणालेत.