आमची वाटचाल: खणलेली माती जाते कुठे?

बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एका जुन्या डंपरवर हा धंदा सुरू केला तेव्हा काम एवढंच होतं: पायाची माती उचलायची आणि कुठेतरी टाकायची. सगळी गोम त्या 'कुठेतरी'मध्येच होती. इंदूरबाहेर बंद पडलेल्या गिट्टीच्या खदानी, एखादा नाला, कुणाचं तरी पडीक शेत. रात्री डंपर रिकामा केला की सकाळी विचारायला कुणी येत नसे. मी सिव्हिलचं शिकून या घरात आले, ऑफिसात बसायला लागले आणि सगळ्यात आधी एक रजिस्टर मागितलं. बाबा हसले. "सूनबाई, मातीची कसली वही?"

आमच्या माळव्यात खणलं की वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली बसाल्ट. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हात आकसते. तिच्या भरावावर घाईनं घर बांधलं की भिंतींना तडे ठरलेले. जुनी घरं पाडून खणलेल्या प्लॉटची गोष्ट आणखी निराळी: प्लास्टर, प्लास्टिकच्या पन्न्या, आणि आधी तिथे गॅरेज असेल तर डिझेल. हा माल खदानीत गेला की बसाल्टच्या भेगांतून पाणी झिरपत शेजारच्या बोअरपर्यंत जाऊ शकतं.

नियम नाहीत असं नाही, पण ते वेगवेगळ्या खिडक्यांवर आहेत. भरावासाठी लागणारी साधी माती 3 फेब्रुवारी 2000 च्या अधिसूचनेनं गौण खनिज झाली, म्हणजे रॉयल्टी आली. डिसेंबर 2014 मध्ये पुण्याच्या बिल्डरांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पायासाठी खणलेली माती सरसकट त्यात धरता येणार नाही, ती कशासाठी वापरली ते पाहावं लागेल. 2016 च्या बांधकाम आणि पाडकामाच्या मलब्याच्या (राडारोड्याच्या) नियमांनी मोठ्या बांधकामांना काँक्रीट, विटा, लोखंड यांच्याबरोबर मातीही वेगळी काढायला सांगितली. पण डंपर खदानीच्या तोंडाशी उभा असताना 'या मातीत काय आहे?' हे आजवर आम्हाला एकाही खिडकीनं विचारलेलं नाही. एका ऑफिसात मी तपासणीचा रिपोर्ट पुढे केला, तर तिथल्या बाबूंनी तो उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर रॉयल्टीचा हिशेब मांडला.

म्हणून नियम आम्हीच घालून घेतले. प्लॉट बघितल्याशिवाय सौदा नाही. तिथे आधी काय होतं, ते मालकाकडून लिहून घेतो. शंका आली तर नमुना लॅबला जातो. प्रत्येक फेऱ्याला तीन प्रतींची चिठ्ठी: एक प्लॉटवर, एक ड्रायव्हरकडे, एक खदानीवर. ड्रायव्हर सुरुवातीला वैतागले. "मैडम, मिट्टी ही तो है," म्हणत चिठ्ठी बिडीच्या बंडलात कोंबायचे. खदानीवर आमचा मुकादम ढेकूळ हातात फोडतो, नाकाशी नेतो, बोटांवर तेलकट चमक दिसते का ते उन्हात धरून बघतो. वास आला की डंपर तसाच परत. चिठ्ठी नसेल तरीही परत.

भरायची पद्धतही बदलली. आधी पाणी उपसायचं, तळाला मोठे दगड आणि मुरूम, मग मातीचे वीतभर जाडीचे थर, प्रत्येक थरावर रोलर. वरची सुपीक माती बाजूला राखून सगळ्यात शेवटी. सरळ कडेवरून ढकलून दिलेला भराव वरून सपाट दिसतो आणि पुढच्या पावसात खचतो. अर्थात प्रत्येक खदान भरलीच पाहिजे असं मला वाटत नाही. एका गावात खदानीच्या पाण्यावर म्हशी आणि दोन-चार शेतं जगत होती. मालक भरायला तयार होता, आम्हीच नाही म्हटलं. बाबा दोन दिवस बोलले नाहीत.

रजिस्टरची आणि चिठ्ठ्यांची किंमत बाबांना जानेवारी 2025 मध्ये कळली. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा 337 टन विषारी कचरा जाळण्यासाठी इंदूरजवळच्या पीथमपूरला आला आणि तिकडच्या गावांत मातीच्या डंपरकडेही लोक संशयानं बघू लागले. आमचा एक हायवा, म्हणजे मोठा डंपर, अडवला. ड्रायव्हरनं चिठ्ठी काढली, त्यावरचा पत्ता इंदूरचा, फोन प्लॉटमालकाचा. सरपंचांनी तिथूनच फोन लावला आणि गाडी सोडली. त्या संध्याकाळी बाबांनी स्वतः चिठ्ठ्यांची नवी पुस्तकं छापायला टाकली.

माझा भाचा कॅनडात टोरंटोला बांधकामावर असतो. तिकडे ओंटारियो प्रांतात याच विषयावर 406/19 क्रमांकाचा नियम आहे. मोठ्या कामांच्या जास्तीच्या मातीची नोंदणी, कुठून कुठे गेली त्याचा माग, प्रत्येक खेपेबरोबर कागद, आणि जिथे टाकायची त्या जागेचा वापर शेती, घरं की कारखाना यावर मातीचे निकष. बिल्डरांची कुरकुर तिथेही झालीच, त्यातले काही भाग पुढे ढकलावे लागले. आपल्याकडे मलब्याचे नवे नियम 1 एप्रिल 2026 पासूनचे आहेत. जुन्या खदानींसाठी वेगळा, सोपा नियम हवा, असं मी भेटेल त्या अधिकाऱ्याला सांगते. कारण आज चिठ्ठी आणि लॅबचा खर्च आम्ही लावतो आणि रात्री नाल्यात ओतणारा आमच्यापेक्षा स्वस्त पडतो. त्यापायी कामं गेली आहेत, अजूनही जातात.

पावसाळ्यात खदानीचं काम बंद असतं. काळ्या चिखलात हायवा रुततो आणि चाकांचा चिखल शहरात आणला तर इंदुरात दंड चुकत नाही. त्या दिवसांत आम्ही मुरूम आणि गिट्टी पुरवतो. बाकी वर्षभर माती उचलतो, फक्त फोन खोदकामाच्या आधी करा. पोकलेन लावून ढीग रस्त्यावर आल्यावर करू नका.